शालिकच्या मागाचे लाकूड

ज्या वर्षी डोमा परात्याची धाकटी लेक अनसूया सासरी गेली, त्या वर्षीचा अश्विन अजून ओलाच होता. वैनगंगा काठोकाठ वाहत होती. पीतजला, मंदगामिनी, दोन्ही तीरांवरच्या धानाच्या बांध्यांवर आपले धुके पांघरून जाणारी. सकाळचा सूर्य आधी पाण्यात उतरे, मग धानाच्या लोंब्यांत, मग कौलांवर, आणि सर्वांत शेवटी, वाट चुकल्यासारखा, कोष्टीपुऱ्यातल्या एका ठेंगण्या घराच्या खिडकीपाशी.

आणि खिडकीपाशी येऊन तो परत फिरे.

खिडकी उघडत नव्हती. चौकटीची खालची पट्टी सडली होती, आणि डाव्या हाताची उभी पट्टी तळापासून वीतभर. किती पावसाळ्यांचे पाणी तिने मुकाट प्यायले होते. आता पाणी तिला पीत होते. वरून रंगाचे साल शाबूत, आत भुसभुशीत काळोख. बोट दाबले तर ओल्या भाकरीसारखे लाकूड बोटाबरोबर येई. बिजागरीच्या खिळ्यांना धरायला काही उरले नव्हते. झडप सुतळीने आवळलेली, बाहेरून निळे प्लास्टिक ठोकलेले. उघडावी तर झडप हातात येणार, काढून ठेवावी तर परतीच्या पावसाची झड थेट मागाच्या ताण्यावर, उभ्या सुतावर, येणार.

त्या खिडकीखालीच डोमाचा माग होता. खड्ड्याचा माग. विणकराने खड्ड्यात पाय सोडून बसायचे, पायांनी पावड्या दाबायच्या, हातांनी धोटा फेकायचा. असा माग जमिनीत रुजलेला असतो. झाड उचलून उन्हात नेता येत नाही. मागही नेता येत नाही. उजेडानेच त्याच्याकडे यावे लागते.

मागावर करवती काठाची साडी लागली होती. अंग कोशाचे, म्हणजे रानरेशमाचे, काठ तांबड्या सुताचा, आणि काठाच्या कडेला करवतीच्या दातांसारखे दात, एकामागून एक, एकासारखा एक. कोशाचा रंग सांगता येत नाही. तो मधाचा असतो आणि वाळल्या गवताचाही. धुळीत बुडणाऱ्या उन्हाचा, पिकल्या धानाचा, हळद धुतलेल्या हातांचा. पण हे सारे दिवसाच्या उजेडात. विजेच्या दिव्याखाली तो नुसता पिवळा. दिव्याखाली विणलेली साडी सकाळी पाहिली की तिच्यावर पट्टे दिसतात, जसे कोणी थांबून थांबून रडले असावे.

डोमाचे डोळे आता साठीचे होते. दिवाळीच्या आत ही साडी व्यापाऱ्याच्या हाती पडली, तरच हिवाळ्याचे तांदूळ घरात येणार होते. लेकीच्या लग्नाने घर धुऊन नेले होते. मडक्यांच्या तळाशी उरला होता तो फक्त हाताचा आवाज.

पार्बता, त्याची बायको, भिंतीला टेकून सुताच्या कांड्या भरीत असे. चरखा फिरे, खोकला येई. चरखा थांबे, खोकला थांबत नसे. खिडकीखालची भिंत कंबरेपर्यंत ओली. त्या ओलीचा वास तिच्या पदराला, तिच्या अंथरुणाला, तिच्या श्वासाला. अनसूया होती तेव्हा डोमासमोर बसून काठाचा धोटा तीच झेली. आता ती जागा पार्बतेची होती. एक हात धोट्याला, एक हात छातीला.

त्या घरात आणखी एक माग होता. आतल्या अंगाला, अंधारात. तो शालिकचा.

शालिक म्हणजे थोरला मुलगा. तो भिवंडीला पॉवरलूमवर गेला, त्याला आता बरेच पावसाळे झाले होते. जाताना मागावर ताणा तसाच ठेवून गेला. विणलेले कापड हातभर, न विणलेले सूत सारे. परत येऊन पुरे करतो म्हणाला. सणाला येतो म्हणाला. एकदाच येऊन गेला. मग निरोप येऊ लागले, आणि मग निरोपांतले अंतर वाढू लागले.

त्या पुऱ्यात एक रीत होती. मागावरचा ताणा अर्धा कापीत नाहीत. ज्याचा माग, तो माणूस गेला, तरच त्याच्या घरचे कात्री लावतात, सूत उतरवतात, आणि माग तेरा दिवस उघडा ठेवतात. म्हणून ज्याच्या मागावर सूत, तो माणूस जगात. पार्बता दर अवसेला शालिकचा ताणा फडक्याने हलकेच झटकी, तुटला धागा सांधी, मागाच्या दांड्याला हळदीचे बोट लावी. अंधारात तो माग उभा असे, कोळ्याची जाळी पांघरलेला, मौनव्रती, एखाद्या वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्या बैलासारखा.

अश्विनातल्या एका उघडीपीच्या दिवशी डोमाने स्वतःच खिडकी दुरुस्त करायला घेतली. सुताराला बोलवायचे बळ नव्हते. विळ्याच्या टोकाने त्याने सडका भाग खरवडला. काळा भुगा पडत गेला, पडत गेला. वाटले, आता लाकूड लागेल, आता लागेल. शेवटी एक पोकळी उरली, दात गेलेल्या तोंडासारखी.

ती भरायची कशाने? कोष्ट्याच्या घरात दुबळ्या गोष्टीला एकच औषध असते. सूत दुबळे, त्याला तांदळाच्या पिठाची खळ पाजतात. मग तेच सूत तारेसारखे ताठ होते, धोट्याचा मार सोसते. डोमाने आयुष्यभर दुबळ्याला ताठ होताना पाहिले होते. त्याने चुलीवर दाट खळ शिजवली, तिच्यात लाकडाचा भुसा कालवला, आणि तो गोळा चौकटीच्या पोकळीत दाबून दाबून भरला.

पार्बता चरख्यावरून पाहत होती.

"लाकडाले भात चारून रायले का जी?"

"भात नोहे वो. बळ चारतो."

"मंग मलेबी चारा थोडं," ती म्हणाली, आणि हसता हसता तिला खोकला आला.

ऊन चांगले होते. खळ वाळली, शुभ्र झाली, दगडासारखी टणक झाली. डोमाने तिच्यात खिळे ठोकले आणि ते बसले. सुतळी सोडली. झडप उघडली. आणि कितीतरी दिवसांनी तो परतलेला सूर्य आत आला. ताण्यावर आला, फणीवर आला, डोमाच्या पांढऱ्या भुवयांवर आला. कोसा मधासारखा पेटला. तांबडा काठ कुंकवासारखा उजळला. त्या दिवसांत करवतीचे दात असे उमटले, की डोमा मध्येच धोटा थांबवून त्यांच्याकडे पाही, जसे शेतकरी आपल्याच शिवाराकडे पाहतो.

मग धुके परत आले. नदीवरून उठलेले, पांढरे, निःशब्द, ओलावाहू धुके. त्याच्या मागून बारीक पाऊस. चौकटीतली खळ पाणी ओढू लागली. ती फुगली, मऊ झाली, आंबली. तिच्यावर निळसर बुरशी आली, मखमलीसारखी, सुंदर आणि भयंकर. आंबट वासावर मुंग्या आल्या. मुंग्यांच्या मागून झुरळे आली. आणि चौकटीतले अन्न संपत आले, तेव्हा त्यांना त्याच अन्नाचा वास खाली लागला.

काठाच्या सुतालाही तीच खळ होती.

एका सकाळी डोमाने मागावरचे फडके काढले, आणि तांबडा काठ एका बाजूने लोंबत होता. धागे कुरतडलेले, टोके पिंजलेली. जणू कोणाच्या भांगातले कुंकू अर्धे पुसले गेले होते. कोशाला झुरळे लागली नव्हती. पण काठाशिवाय साडी म्हणजे नुसते कापड, आणि कापडाला करवतीचे मोल कोण देणार?

डोमा खड्ड्यात उतरला नाही. खड्ड्याच्या कडेलाच बसला, पाय जवळ घेऊन.

पार्बतेने चुलीतली चिमूटभर राख घेतली, तुटल्या धाग्याचे टोक नव्या सुताच्या टोकाला लावले, राखेच्या बोटांनी पीळ दिला. एक धागा सांधला. मग दुसरा. ओणवून, श्वास रोखून, खोकला आला की मान बाजूला फिरवून. सांधणाऱ्या त्या बोटांकडे डोमा पाहत राहिला. आपल्या हाताने केलेली चूक तिच्या हातांत धागा धागा होऊन उतरत होती.

कवडू वाढई मग आपणहून आला. वाढई म्हणजे सुतार. पुऱ्यात बातमी पोचलीच होती. त्याने पटाशीने चौकटीतला आंबट गोळा बाहेर काढला, हुंगला, आणि तोंड फिरवले.

"अंबील केली का बे डोमा?"

"खळ होती."

"खळ कोनी लाकडाले पाजते का? उद्या माह्या बैलगाडीच्या चाकालेबी पाजशीन."

"हसून घे," डोमा म्हणाला. "हसून झालं का मंग सांग, काय करू."

कवडूने हसणे आवरले. पटाशी ठकठकवत तो चौकटीवरून फिरला. जिथे आवाज भद्द, तिथे खूण. जिथे टणत्कार, तिथे थांबला. अख्खी चौकट काढायची गरज नाही, म्हणाला. सडके तेवढे कापायचे, थेट निरोगी लाकडापर्यंत. आणि तिथे तिरका कापून नवा तुकडा सांधायचा. मजुरी फुरसतीने दे, नाहीतर माझ्या पोरीच्या पोराला टोपडे विणून दे.

"पन लाकूड पायजे सागाचं. जुनं, वाळलेलं. आंब्याची फळी लावली त पुढच्या भादव्यात मीच यीन पुन्हा, अन तू पुन्हा खळ दाखवशीन. लाकूड डेपोतला साग तुह्याच्यानं घेनं होत नाई, मले ठाऊक हाय."

मग बोलता बोलता त्याची नजर घरात फिरली. भिंतीवरून, कणगीवरून, आणि आतल्या अंधारात जाऊन थांबली. शालिकच्या मागाचा पुढचा दांडा तिथे होता. कापड गुंडाळायचा दांडा, विणकराच्या पोटाला टेकून असणारा. जुन्या सागाचा, मनगटाहून जाड, डोमाच्या बापाने बसवलेला. शालिक पोरवयापासून त्याला टेकून बसला. त्याच्या पोटाच्या घासणीने मधला भाग गुळगुळीत झालेला, काळसर, तेल पाजल्यासारखा.

डोमानेही पाहिले होते. पार्बतेनेही पाहिले होते, ते दोघे कुठे पाहत होते.

"नाई," ती म्हणाली.

कवडू उठला, पटाशी पिशवीत घातली आणि गेला.

त्या दिवसापासून घरात दोन मौने राहू लागली. एक मागापाशी, एक चरख्यापाशी. पाऊस रेंगाळला होता, जाता जाईना. झडप पुन्हा सुतळीने बांधलेली, प्लास्टिक पुन्हा ठोकलेले, दिवा पुन्हा पिवळा. डोमा अंधारात विणी आणि सकाळी दार सताड उघडून पाही; दात वाकडे आलेले असत, एक मोठा, एक बोथट. मग विणलेले उसवी. दिवसाचे काम दिवस उसवून घेई. दिवाळी पाणंदीतून चालत येताना दिसावी इतकी जवळ आली होती.

तो दांड्याचे नाव घेत नव्हता. तेच तिला सोसवेना. भांडला असता तर तिने भांडून घेतले असते.

शेवटी एका दुपारी तीच म्हणाली, चरखा न थांबवता, "येनार हाय का जी तो?"

डोमाने धोटा धरून ठेवला. बाहेर प्लास्टिकवर थेंब वाजत होते.

"येईन ना. आपल्या घरी येईन."

"मी घरी नाई म्हनली. मागावर म्हनली. मागावर बसाले येनार हाय का?"

त्याने धोटा खाली ठेवला. भिवंडीला तर एका बटणावर आठ माग चालतात, शालिक त्या एका खेपेला म्हणाला होता. एवढ्या उजेडात, आबा, की रात्र कळत नाही. हे सांगताना त्याचे तोंड उजळले होते. ते उजळणे दोघांनीही पाहिले होते, आणि दोघांनीही ते एकमेकांपासून लपवून ठेवले होते.

चरखा थांबला. पार्बता उठली, भिंतीला हात लावत आत गेली. तिने दिवा लावला. दांड्याला हळदीचे बोट लावले. फडक्याने ताणा झटकला, जसा दर अवसेला झटकी, तसाच, हलक्या हाताने, झोपलेल्या लेकराच्या अंगावरची माशी उडवावी तसा. मग तिने कात्री मागितली.

"थांब, मी कापतो," डोमा म्हणाला. "तू नोको."

"तुमी बाप हा. बापानं कापलं त खरंच सूतक होते. मी कापतो." आणि मग, मागाशीच बोलावे तशी, "माय भवानी, तो तिकडं धडधाकट हाय. हे सूतक नोहे, हे खिडकीचं काम हाय. काही दोष असंन त माह्या कपाळी लागो, पोराच्या नोको."

कात्री चालली. ताणलेले सूत तुटते तेव्हा आवाज होतो. बारीक, कोरडा, पक्ष्याने दाणा फोडावा तसा. एक, मग पुष्कळ, मग पावसासारखे पुष्कळ. धागे मागे सरले, सैल झाले, खड्ड्यात उतरले. हातभर विणलेले कापड दांड्यावरून उलगडले. धुळीने धुरकटलेले, पण आतल्या घडीत अजून शुभ्र. पार्बतेने ते चौपदरी केले आणि आपल्या उशीखाली ठेवले. त्या दिवशी तिने भात शिजवला आणि जेवली नाही. डोमाही जेवला नाही. तिला कळू नये म्हणून ताट घेऊन बाहेर बसला.

दुसऱ्या दिवशी कवडू आला. या वेळी त्याने एकही थट्टा केली नाही. पटाशीने सडके कापले, कापत गेला, थेट तिथवर, जिथे जुन्या चौकटीचे लाकूड अजून तांबूस होते, अजून सुगंधी होते. दांडा चिरला, रंधला. रंध्याखालून सागाची वळणदार सोनेरी साले पडली, आणि खोलीत असा वास दरवळला, जणू हे झाड काल जंगलात उभे होते. जुन्याला तिरका काप, नव्याला तिरका काप. काप कापावर असा बसला की मधून केससुद्धा जाईना. बांबूच्या खुंट्या ठोकल्या. सांध्यावर डांबर फासले. दांड्याचा गुळगुळीत भाग त्याने रंधला नव्हता. तो तसाच वरच्या अंगाला ठेवला, खिडकीच्या बैठकीवर, जिथे हात टेकतात तिथे.

"हा भाग काहून सोडला?" डोमाने विचारले.

"एवढं घासाले मले जमत नाई," कवडू म्हणाला, आणि हत्यारे आवरू लागला.

झडप लागली. बिजागरी बसली. पाऊसही त्या सुमाराला गेला, नदीपलीकडे, सालईच्या जंगलाकडे, आपली मळकी वस्त्रे गोळा करीत. खिडकी उघडली, आणि धुतलेला, शरदाचा, सुवर्णस्निग्ध प्रकाश आत आला. तो ताण्यावर आला, कोशावर आला, सांधलेल्या तांबड्या काठावर आला. तो अडला नाही. चालत चालत आत गेला, आणि शालिकच्या मागाच्या रिकाम्या खड्ड्यात उतरला. त्या खड्ड्यात आजवर ऊन कधी पडले नव्हते. तळाशी पावड्या होत्या, धूळ होती, आणि एक जुनी कांडी, सूत संपलेली.

पार्बता त्या उन्हाकडे बघत राहिली. मग खिडकीपाशी येऊन तिने बैठकीवर हात ठेवला. लाकूड उन्हाने कोमट झाले होते. गुळगुळीत, किंचित खोलगट, एखाद्या जिवंत अंगासारखे. तिने हात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि तिथेच उभी राहिली. एवढा वेळ, की डोमाने विणणे थांबवले.

साडी झाली. दिवाळीच्या आधी झाली. काठाचे दात एकासारखे एक आले. जिथे सूत सांधले होते तिथे पार्बतेच्या बोटांखेरीज कोणालाही काही सापडले नसते. व्यापाऱ्याने ती खिडकीच्या उजेडात धरली, अंगठ्याने काठ चाचपला, आणि नेली. घरात तांदूळ आले. अनसूया दिवाळसणाला आली, नव्या खिडकीत बसली, सासरच्या गोष्टी सांगत राहिली. आतल्या मागाकडे एकदा पाहिले आणि गोष्ट पुढे नेली.

भिंत वाळली. भिंतीतली ओल वाळली. पण जी ओल पार्बतेच्या छातीत उतरली होती, ती उन्हाला भेटेना. मार्गशीर्षात तिने चरखा सोडला. मग तिचे अंथरूण खिडकीखाली आणले, मागाच्या शेजारी. डोमा विणीत असे आणि ती ऐकत असे. सकाळ होई, धुके विरे, उजेड बैठकीवरून ओघळून तिच्या हातांवर येई, आणि ते हात अधूनमधून हवेतच हलत, दोन बोटांनी न दिसणारे काही पिळीत. उशीखालचे कापड तिने कोणाला काढू दिले नाही.

शेजारच्या घरी शालिकचा फोन आला. बरा आहे, काम आहे, संक्रांतीला जमले तर येतो. डोमाने घरी येऊन तिला शब्द न् शब्द सांगितला. "आवाज कसा होता?" तिने विचारले. "खणखणीत," तो म्हणाला. ते खरे होते. तिने डोळे मिटले, आणि तिच्या कपाळावरची एक रेघ, किती वर्षे तिथे होती कोणास ठाऊक, हळूच सैल झाली.

पौषातली पहाट उजळली. नदीवर धुके होते; धुक्यावर ऊन होते. खिडकी उघडी होती. माग चालू होता, आणि मग माग थांबला.

पार्बता, डोमा परात्याची बायको, शालिकची आणि अनसूयेची आई, पौष वद्य पंचमीला, सकाळच्या उजेडात वारली.